अस्मिता-समर्थक व आघातसजग मानसोपचार

अस्मिता-समर्थक व आघातसजग मानसोपचार ही समाजाच्या परिघावर ढकलल्या गेलेल्या समूहांतील व्यक्तींसाठी विकसित झालेली मानसोपचाराची व समुपदेशनाची एक भूमिका आहे. तिची मुख्य अंगे दोन आहेत. पहिले म्हणजे व्यक्तीची जात, वंश, जमात, धर्म, लिंगभाव, लैंगिक कल किंवा अपंगत्व यांना दोष अथवा आजाराचे मूळ न मानणे. दुसरे म्हणजे तिच्या मनोदुःखामागे हिंसा, अपमान किंवा बहिष्कार यांचा अनुभव असू शकतो हे ध्यानात घेऊन उपचारांची आखणी करणे. ही मानसोपचाराची स्वतंत्र शाखा नव्हे. बोधात्मक वर्तनोपचार, मनोविश्लेषण, कथनोपचार, कुटुंबोपचार अशा कोणत्याही पद्धतीला या भूमिकेची जोड देता येते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील समलिंगी हक्कांची चळवळ, कृष्णवर्णीयांची नागरी हक्क चळवळ आणि स्त्रीवादी चळवळ यांच्या प्रभावातून या भूमिकेची जडणघडण झाली. भारतात तिची चर्चा प्रामुख्याने एकविसाव्या शतकात सुरू झाली. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ सालचा नवतेज सिंग जोहर खटल्यातील निकाल यांमुळे तिला कायदेशीर आधार मिळाला.

## संज्ञा

'अस्मिता-समर्थक' या शब्दात समर्थन अभिप्रेत आहे ते व्यक्तीच्या असण्याचे, तिच्या प्रत्येक मताचे किंवा वर्तनाचे नव्हे. समलिंगी सेवार्थी व्यसनाच्या तक्रारीसाठी आला, तर समर्थक उपचारक व्यसनावर उपचार करतो. समलिंगी असण्यावर उपचार करीत नाही. तटस्थ उपचारक अस्मितेविषयी मौन बाळगतो, तर समर्थक उपचारक ती चर्चेत आणण्याची मोकळीक देतो आणि तिच्याविषयीचे सामाजिक पूर्वग्रह हे पूर्वग्रहच आहेत असे स्पष्टपणे मानतो.

'आघातसजग' या संज्ञेचा अर्थही नेमका आहे. आघातावरील विशिष्ट उपचार, उदाहरणार्थ आघातकेंद्री बोधात्मक वर्तनोपचार किंवा फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७ नंतर विकसित केलेली 'ईएमडीआर' पद्धती, आघातानंतरच्या लक्षणांवर थेट काम करतात. आघातसजगता ही त्याहून व्यापक बाब आहे. आघात झालेला असो वा नसो, सेवा देण्याच्या पद्धतीमुळेच कोणाला नव्याने इजा होऊ नये यासाठी संपूर्ण व्यवस्थेत करावयाचे बदल तिच्यात येतात. नोंदणी खिडकीवरील वागणुकीपासून खोलीच्या रचनेपर्यंत आणि प्रश्न विचारण्याच्या रीतीपासून नोंदींच्या गोपनीयतेपर्यंत अनेक गोष्टींचा त्यांत समावेश होतो.

## इतिहास

### निदान आणि सत्ता

मानसशास्त्र व मनोविकारशास्त्र यांचा उपयोग वंचित समूहांच्या विरोधात झाल्याची अनेक उदाहरणे इतिहासात आढळतात. अमेरिकी वैद्य सॅम्युएल कार्टराइट याने १८५१ साली गुलामांच्या पळून जाण्याला 'ड्रेपटोमेनिया' हे नाव देऊन तो एक मनोविकार असल्याचे प्रतिपादन केले होते. स्वातंत्र्याची इच्छा हेच त्याच्या लेखी आजाराचे लक्षण होते. समलैंगिकता ही तर १९७३ पर्यंत अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या अधिकृत निदानसूचीत मनोविकार म्हणून समाविष्ट होती.

या समजुतीला शास्त्रीय आव्हान देणाऱ्यांत मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांचे नाव महत्त्वाचे मानले जाते. त्यांनी ३० समलिंगी व ३० भिन्नलिंगी पुरुषांच्या प्रक्षेपण चाचण्या घेतल्या आणि त्यांचे निकाल, कोणते कोणाचे हे न सांगता, तज्ज्ञांपुढे ठेवले. तज्ज्ञांना दोन गटांत फरक करता आला नाही. हा अभ्यास १९५७ साली प्रसिद्ध झाला. पुढे कार्यकर्त्यांचा रेटा व संशोधन या दोहोंच्या परिणामी डिसेंबर १९७३ मध्ये समलैंगिकता निदानसूचीतून वगळण्याचा निर्णय झाला. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतूनही ती वगळण्यात आली. २०१९ साली स्वीकारलेल्या व २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत पारलिंगी व्यक्तींशी संबंधित नोंद मनोविकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेण्यात आली.

### वंश, वसाहत आणि मन

केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या दशकात लहान मुलांसोबत बाहुल्यांचे प्रयोग केले. अनेक कृष्णवर्णीय मुलांनी गोऱ्या बाहुलीला 'चांगली' ठरवले. वंशविद्वेष मुलांच्या आत्मप्रतिमेत शिरतो याचा पुरावा म्हणून हे काम १९५४ सालच्या 'ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' खटल्यात विचारात घेतले गेले. मार्टिनिक येथे जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ फ्रान्झ फॅनन यांनी अल्जीरियातील ब्लिदा येथील रुग्णालयात १९५३ ते १९५६ या काळात काम केले. वसाहतीच्या राजवटीत रुग्णाचे दुःख केवळ त्याच्या घरात किंवा बालपणात शोधणे अपुरे आहे, अशी मांडणी त्यांनी केली. एल साल्वादोरमधील धर्मगुरू व मानसशास्त्रज्ञ इग्नासिओ मार्टिन-बारो यांनी 'मुक्तिदायी मानसशास्त्रा'ची कल्पना मांडली. नोव्हेंबर १९८९ मध्ये तेथील लष्कराने त्यांची हत्या केली.

### आघाताची संकल्पना

१९८० साली अमेरिकी निदानसूचीच्या तिसऱ्या आवृत्तीत आघातोत्तर ताणविकृतीचा समावेश झाला. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचे अनुभव आणि बलात्कारपीडित स्त्रियांवरील संशोधन ही त्यामागील दोन प्रमुख कारणे होती. मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' या ग्रंथात युद्धभूमीवरील आणि घरातील हिंसेचे परिणाम एकाच चौकटीत मांडले. दीर्घकाळ चाललेल्या आणि सुटका नसलेल्या अत्याचारांचे परिणाम एका घटनेच्या परिणामांहून वेगळे असतात, हे त्यांचे प्रतिपादन होते. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत 'जटिल आघातोत्तर ताणविकृती' असे स्वतंत्र निदान आहे.

व्हिन्सेंट फेलिटी, रॉबर्ट अँडा आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांच्या अभ्यासात असे अनुभव आणि प्रौढपणीचे शारीरिक-मानसिक आजार यांतील संबंध दिसून आला. मात्र या अभ्यासातील बहुसंख्य व्यक्ती गौरवर्णीय व आरोग्यविमा असलेल्या होत्या. वंशभेद किंवा वस्तीतील हिंसा यांची त्यात गणना नव्हती. ही उणीव पुढील संशोधकांनी दाखवून दिली. २००१ साली मॅक्सीन हॅरिस आणि रॉजर फॅलट यांनी आघातसजग सेवाव्यवस्थेची मांडणी केली.

## सैद्धांतिक आधार

अल्पसंख्य ताण – मानसशास्त्रज्ञ इलान मेयर यांनी १९९५ व २००३ साली ही उपपत्ती मांडली. समलिंगी व उभयलिंगी व्यक्तींमध्ये नैराश्य व चिंता यांचे प्रमाण अधिक दिसते, त्याचे कारण त्यांच्या लैंगिक कलात नसून कलंकित स्थानामुळे सतत सोसाव्या लागणाऱ्या जादा ताणात आहे, असे ती सांगते. भेदभावाच्या प्रत्यक्ष घटना हा या ताणाचा बाह्य भाग होय. नकाराची सतत धास्ती, ओळख लपवण्याची धडपड आणि समाजाचा तिरस्कार स्वतःविषयी खरा मानणे हा आतला भाग होय. समूहाचा आधार हा ताण सौम्य करू शकतो.

सूक्ष्म अवमान – डेराल्ड विंग सू व सहकाऱ्यांनी २००७ साली दैनंदिन व्यवहारातील लहानलहान, अनेकदा नकळत केल्या जाणाऱ्या अवमानांचे वर्गीकरण केले. 'तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही' हे स्तुतीच्या स्वरूपातील वाक्य त्याचे नेहमीचे उदाहरण म्हणता येईल.

आंतरछेदिता – कायदेतज्ज्ञ किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ साली ही संज्ञा रूढ केली. दलित स्त्रीचा अनुभव म्हणजे दलित पुरुषाच्या व सवर्ण स्त्रीच्या अनुभवांची बेरीज नव्हे, तर तो स्वतंत्र असतो, असा तिचा आशय भारतीय संदर्भात सांगता येतो.

ऐतिहासिक आघात – मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट यांनी लाकोटा या अमेरिकी आदिवासी समाजासंदर्भात ही संकल्पना विकसित केली. कत्तली, भूमी हिरावली जाणे आणि मुलांना सक्तीने वसतिगृहांत नेणे यांचे दुःख पुढच्या पिढ्यांत उतरते आणि त्याचा सामूहिक शोक झाल्याशिवाय ते शमत नाही, असे त्या मांडतात.

## तत्त्वे

अमेरिकी शासनाच्या व्यसनाधीनता व मानसिक आरोग्य सेवा प्रशासनाने २०१४ साली आघातसजग सेवेची सहा तत्त्वे प्रसिद्ध केली. ती मोठ्या प्रमाणावर आधारभूत मानली जातात.

* सुरक्षितता – सेवार्थीला शरीराने व मनाने सुरक्षित वाटणे.
* विश्वासार्हता व पारदर्शकता – काय होणार आहे, किती वेळ लागेल, कोणती माहिती कोणाला सांगितली जाईल, हे आधी स्पष्ट करणे.
* समदुःखींचा आधार – तशाच अनुभवातून गेलेल्या व्यक्तींची साथ.
* सहकार्य – उपचारक व सेवार्थी यांच्यातील सत्तेचे अंतर कमी करणे.
* सक्षमीकरण, आवाज व निवड – निर्णयाचा अधिकार सेवार्थीकडे असणे.
* सांस्कृतिक, ऐतिहासिक व लिंगभावविषयक भान – साचेबद्ध समजुती टाळून समूहाच्या इतिहासाची दखल घेणे.

आघातसजगता व अस्मिता-समर्थन यांची सांगड सहाव्या तत्त्वात पडते. आघात मनावर आदळतो तो व्यक्तीच्या सामाजिक स्थानावरूनच. पोलीस ठाण्यात जाण्याचा सल्ला एखाद्यासाठी सुरक्षिततेचा मार्ग असेल, तर पारधी समाजातील तरुणासाठी किंवा तृतीयपंथी व्यक्तीसाठी तोच सल्ला नव्या भीतीचे कारण ठरू शकतो.

## उपचारप्रक्रिया

### टप्पे

ज्युडिथ हर्मन यांनी सांगितलेले तीन टप्पे अनेक उपचारक वापरतात. पहिल्या टप्प्यात सुरक्षितता प्रस्थापित केली जाते. झोप, राहण्याचे ठिकाण, हिंसेपासून संरक्षण आणि शरीर शांत करण्याची कौशल्ये यांवर भर असतो. दुसऱ्या टप्प्यात घडलेल्या गोष्टींचे स्मरण व शोक यांना जागा दिली जाते. तिसऱ्या टप्प्यात माणसांशी व जगाशी नाते पुन्हा जोडले जाते. हे टप्पे एका सरळ रेषेत जातातच असे नाही.

आघाताची कहाणी पहिल्याच भेटीत सविस्तर वदवून घेणे टाळले जाते. आपत्तीनंतर लगेच घेतल्या जाणाऱ्या एका बैठकीच्या 'मनोवैज्ञानिक डीब्रीफिंग'चा आढावा घेतला असता त्यामुळे आघातोत्तर ताणविकृती टळत नाही, उलट काहींना अपाय होऊ शकतो, असे आढळले. त्यामुळे कधी, किती आणि काय सांगायचे हे सेवार्थीने ठरवावे, असा दंडक आहे.

### दुःखाचे स्थान बदलणे

समर्थक उपचारात 'माझ्यातच काहीतरी खोट आहे' या समजुतीची तपासणी केली जाते. ही समजूत कोणाकडून आली, केव्हा आली, तिचा फायदा कोणाला झाला, असे प्रश्न विचारले जातात. सामान्य बोधात्मक वर्तनोपचारात नकारात्मक विचार अवास्तव असल्याचे दाखवण्याकडे कल असतो. वंचित व्यक्तीच्या बाबतीत हे घातक ठरू शकते. 'वर्गात सगळे माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात' हे विद्यार्थ्याचे वाक्य विचारदोष नसून अचूक निरीक्षण असू शकते. अशा वेळी अनुभव खरा मानून त्याला तोंड देण्याचे मार्ग, सोबती आणि तक्रारीचे पर्याय यांचा विचार केला जातो.

### भाषा

मराठीत समुपदेशन करताना भाषेचे काही विशेष प्रश्न उद्भवतात. मराठी क्रियापदे वक्त्याचे व श्रोत्याचे लिंग दर्शवतात. 'मी गेलो' किंवा 'मी गेले' यांपैकी एक निवडल्यावाचून साधे वाक्यही पूर्ण होत नाही. 'तू आलास' व 'तू आलीस' यांतही निवड करावी लागते. 'तुम्ही आलात' या आदरार्थी रूपात मात्र लिंगभेद दिसत नाही. पारलिंगी सेवार्थीला कोणते रूप हवे आहे हे आरंभीच विचारणे आणि तोपर्यंत आदरार्थी रूप वापरणे हा सोपा उपाय ठरतो.

दुसरा प्रश्न आडनावाचा आहे. महाराष्ट्रात आडनाव विचारणे हा अनेकदा जात विचारण्याचा आडमार्ग असतो. नोंदणी अर्जात आडनाव ऐच्छिक ठेवल्यास किंवा केवळ पसंतीचे नाव विचारल्यास सेवार्थीवरील पहिला ताण कमी होतो. तिसरा प्रश्न दुःखाच्या बोलीचा आहे. 'जीव घाबरा होतो', 'छातीत धडधडते', 'डोकं बधिर होतं', 'बाहेरचं झालंय' अशा शब्दांत व्यक्त होणारे दुःख इंग्रजी प्रश्नावलीच्या शब्दशः अनुवादात निसटण्याची शक्यता असते.

### उपचारकाचे आत्मपरीक्षण

उपचारकाने स्वतःच्या सामाजिक स्थानाची जाणीव ठेवणे हा या भूमिकेचा अविभाज्य भाग आहे. 'मी जात मानत नाही' हे विधान चांगल्या हेतूने केलेले असले, तरी ज्याला जात रोज जाणवून दिली जाते त्याच्यासाठी ते संवाद थांबवणारे ठरू शकते. दुसऱ्या टोकाला, आपल्या समाजाची माहिती उपचारकाला पुरवत बसण्याचे ओझे सेवार्थीवर टाकणेही अयोग्य मानले जाते.

## भारतातील स्थिती

### सेवांची उपलब्धता

राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था अर्थात निम्हान्सने १२ राज्यांत केलेल्या २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार प्रौढांमध्ये मनोविकारांचे तत्कालीन प्रमाण सुमारे १०.६ टक्के होते. उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण विकारानुसार सुमारे ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत होते. मुळातच तज्ज्ञ कमी आणि ते शहरांत एकवटलेले, अशा स्थितीत वंचित समूहांना समजून घेणारा उपचारक मिळणे अधिकच दुर्मीळ ठरते.

### जात

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' (१९३६) या ग्रंथात जात ही विटा किंवा काटेरी तारेसारखी भौतिक भिंत नसून ती एक मनोवस्था आहे, असे प्रतिपादन केले. भारतीय मानसोपचाराच्या अभ्यासक्रमांत मात्र जातीय अपमानाच्या मानसिक परिणामांना दीर्घकाळ फारसे स्थान मिळाले नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००७ साली अहवाल दिला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली उच्च शिक्षणसंस्थांतील समतेविषयी नियम केले. हैदराबाद येथील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला (२०१६) आणि मुंबईतील निवासी डॉक्टर पायल तडवी (२०१९) यांच्या मृत्यूंनंतर हा प्रश्न देशभर चर्चिला गेला. या दोघांच्या मातांनी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. विद्यार्थ्यांची मानसिक दुर्बलता हे कारण पुढे करून संस्थांतील भेदभाव झाकला जाऊ नये, हा या चर्चेतील कळीचा मुद्दा आहे.

### लैंगिकता व लिंगभाव

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण खटल्यात पारलिंगी व्यक्तींचा स्वतःचे लिंग ठरवण्याचा अधिकार मान्य केला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर खटल्यात प्रौढांमधील संमतीने होणारे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढण्यात आले. या निकालातील आपल्या स्वतंत्र मतात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी समुपदेशनाचा रोख व्यक्तीला बदलण्याकडे नसून ती जशी आहे तशी सहजतेने जगू शकेल यासाठी आधार देण्याकडे असावा, असे म्हटले आहे. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये समलैंगिकता हा मनोविकार नसल्याची भूमिका जाहीर केली.

मुंबईत १९९४ साली स्थापन झालेल्या हमसफर ट्रस्टने समलिंगी पुरुष व पारलिंगी व्यक्तींसाठी आरोग्य व समुपदेशन सेवा सुरू केल्या. मुंबईच्याच मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह या संस्थेने व्यावसायिकांसाठी क्वीअर-समर्थक समुपदेशनाचे प्रशिक्षण सुरू केले. ते भारतीय संदर्भात तयार केलेले असून प्रशिक्षकही त्याच समूहांतील आहेत.

### भटके-विमुक्त

ब्रिटिश राजवटीत १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. हा कायदा १९५२ साली रद्द झाला, परंतु संशयाची नजर संपली नाही. या समूहांच्या संदर्भात आघात ही भूतकाळातील घटना नसून चालू परिस्थिती असते. त्यामुळे 'आता तुम्ही सुरक्षित आहात' हे आघातोपचारातील नेहमीचे आश्वासन देणे अवघड ठरते. अशा ठिकाणी जातीचा दाखला, घरकुल, कायदेशीर मदत यांसाठीची खटपट हाही उपचाराचाच भाग मानला जातो.

### स्त्रिया

बृहन्मुंबई महानगरपालिका व 'सेहत' ही संस्था यांनी वांद्रे येथील के. बी. भाभा रुग्णालयात २००० साली 'दिलासा' हे केंद्र सुरू केले. कौटुंबिक हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रियांसाठी सार्वजनिक रुग्णालयात चालवलेले हे देशातील आरंभीचे केंद्र होय. येथे स्त्रीवादी समुपदेशनाची पद्धत वापरली जाते. हिंसेची जबाबदारी हिंसा करणाऱ्यावर ठेवली जाते आणि सुरक्षिततेचा आराखडा स्त्रीसोबत बसून तयार केला जातो. जखमेवर उपचार घेण्यासाठी रुग्णालयात आलेली स्त्री वेगळा पत्ता न शोधता समुपदेशकापर्यंत पोहोचते, हे या रचनेचे वैशिष्ट्य आहे.

### समाजातील समुपदेशक

गोव्यातील 'संगत' या संस्थेने तज्ज्ञ नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन नैराश्यावर समुपदेशन करण्याचे प्रयोग केले आणि त्यांची परिणामकारकता नियंत्रित चाचण्यांतून दाखवली. पुण्यातील बापू ट्रस्ट ही भार्गवी दावर यांनी स्थापन केलेली संस्था शहरी वस्त्यांमध्ये मनोसामाजिक काम करते. टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये 'आयकॉल' ही दूरध्वनी समुपदेशन सेवा सुरू केली. केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही निःशुल्क सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भाषांत उपलब्ध आहे.

### कायदा

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम ३ नुसार व्यक्तीचा राजकीय, आर्थिक वा सामाजिक दर्जा, तिचे सांस्कृतिक, वांशिक किंवा धार्मिक समूहातील सदस्यत्व, अथवा समाजातील प्रचलित नैतिक मूल्यांशी तिचे न जुळणे या आधारावर मनोविकाराचे निदान करता येत नाही. कलम १८ नुसार लिंग, लैंगिक कल, धर्म, संस्कृती, जात, वर्ग, अपंगत्व इत्यादी कारणांवरून भेदभाव न होता मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क आहे.

## रूपांतरण उपचारांस विरोध

व्यक्तीचा लैंगिक कल किंवा लिंगभाव बदलण्याच्या प्रयत्नांना रूपांतरण उपचार म्हणतात. विजेचे झटके, मळमळ आणणारी औषधे, संप्रेरके, सक्तीचे विवाह, धार्मिक विधी आणि समुपदेशनाच्या नावाखाली दिला जाणारा दबाव असे त्याचे प्रकार आहेत. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या कार्यगटाने २००९ साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन असे प्रयत्न यशस्वी होण्याची शक्यता कमी आहे आणि त्यांत अपायाचा धोका आहे, असा निष्कर्ष काढला. अशा बदलाची शक्यता सुचवणारा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध करणारे मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट स्पिट्झर यांनी २०१२ साली आपला निष्कर्ष मागे घेऊन समलिंगी समुदायाची माफी मागितली.

मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. एन. आनंद व्यंकटेश यांनी ७ जून २०२१ रोजी एस. सुषमा विरुद्ध पोलीस आयुक्त या खटल्यात रूपांतरण उपचारांना मनाई करणारे निर्देश दिले. त्याआधी या विषयाची समज वाढवण्यासाठी त्यांनी स्वतः मानसशास्त्रज्ञाची भेट घेतली होती. त्यानंतर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने रूपांतरण उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राज्य वैद्यकीय परिषदांना कळवले. मात्र वैद्यकीय परिषदांची कक्षा नोंदणीकृत डॉक्टरांपुरती असते. नोंदणी नसलेले समुपदेशक, बाबा-बुवा व खाजगी 'सुधार केंद्रे' त्या कक्षेबाहेर राहतात.

## परिणामकारकता

सांस्कृतिकदृष्ट्या अनुकूल केलेल्या मानसोपचारांवरील ७६ अभ्यासांचे ग्रिनर व स्मिथ यांनी २००६ साली एकत्रित विश्लेषण केले. त्यात अशा उपचारांचा मध्यम स्वरूपाचा लाभ आढळला. सर्व समूहांसाठी एकच सर्वसाधारण बदल करण्यापेक्षा विशिष्ट समूहासाठी केलेली आखणी अधिक उपयुक्त दिसली. जॉन पाचानकिस व सहकाऱ्यांनी समलिंगी व उभयलिंगी तरुणांसाठी तयार केलेल्या समर्थक बोधात्मक वर्तनोपचाराच्या २०१५ सालच्या छोट्या चाचणीत नैराश्य व मद्यपान यांत घट दिसली.

उपचारक त्याच समूहातील असावा काय, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. कॅब्रल व स्मिथ यांच्या २०११ सालच्या विश्लेषणानुसार अनेक सेवार्थी आपल्या वंशाचा उपचारक पसंत करतात, परंतु उपचारांच्या फलितावर त्याचा सरासरी परिणाम अत्यल्प असतो. म्हणजेच दुसऱ्या समूहातील उपचारकही चांगले काम करू शकतो. मात्र निवडीची संधी सेवार्थीला मिळणे महत्त्वाचे ठरते. उपलब्ध संशोधनाचा मोठा भाग अमेरिकेतील आहे. जातीय अपमानावर केंद्रित उपचारांच्या नियंत्रित चाचण्यांची भारतात मोठी उणीव आहे.

## टीका व मर्यादा

या भूमिकेवर वेगवेगळ्या बाजूंनी आक्षेप घेतले गेले आहेत.

* अन्यायाचे मानसशास्त्रीकरण – सामाजिक अन्यायाला 'आघात' हे नाव दिल्याने तो व्यक्तीच्या मनातील प्रश्न बनतो आणि न्यायाची जागा उपचार घेतो, असा आक्षेप आहे. मुक्तिदायी मानसशास्त्राचे पुरस्कर्ते याच कारणास्तव उपचार व सामूहिक कृती यांची फारकत अमान्य करतात.
* संकल्पनेचा विस्तार – मानसशास्त्रज्ञ निक हॅस्लम यांनी २०१६ साली 'आघात' यांसारख्या संकल्पनांचा अर्थ कालांतराने सैल होत गेल्याचे दाखवले. प्रत्येक क्लेशाला आघात म्हटल्याने गंभीर आघात सोसलेल्यांकडे दुर्लक्ष होण्याचा धोका असतो.
* व्यक्तीला ओळखीपुरते सीमित करणे – सेवार्थीच्या प्रत्येक अडचणीचा संबंध त्याच्या जातीशी किंवा लैंगिकतेशी जोडणे हाही साचेबद्धपणाच होय. दलित तरुणी केवळ परीक्षेच्या भीतीसाठी आलेली असू शकते.
* अल्पवयीनांच्या संदर्भातील वाद – लिंगभावाविषयी प्रश्न पडलेल्या मुलांबाबत 'समर्थन' म्हणजे नेमके काय, यावर मतभेद आहेत. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅस अहवालाने सर्वांगीण मूल्यमापनाची व वैद्यकीय हस्तक्षेपांत सावधगिरीची शिफारस केली. काही व्यावसायिक संघटनांनी या अहवालाच्या पद्धतीवर व निष्कर्षांवर टीका केली आहे.
* नावापुरता वापर – एखाद्या कार्यशाळेनंतर स्वतःला 'समर्थक' किंवा 'आघातसजग' म्हणवून घेण्याची प्रवृत्ती दिसते. भारतात नैदानिक मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, परंतु 'समुपदेशक' या नावाखालील व्यवसाय दीर्घकाळ अनियंत्रित राहिला. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय आयोग अधिनियमाने त्यांना नियमनाच्या कक्षेत आणण्याची तरतूद केली आहे.
* खर्च – खाजगी समुपदेशनाचे शुल्क ज्यांच्यासाठी ही भूमिका विकसित झाली त्यांच्याच आवाक्याबाहेर असते. सार्वजनिक रुग्णालये, शाळा, वसतिगृहे व आशा सेविकांच्या जाळ्यापर्यंत ही पद्धत पोहोचल्याशिवाय तिचा लाभ मर्यादितच राहील, असे अभ्यासक मानतात.

## हे सुद्धा पहा

* मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७
* आघातोत्तर ताणविकृती
* बोधात्मक वर्तनोपचार
* आंतरछेदिता
* भारतीय दंड संहितेचे कलम ३७७
* भटक्या व विमुक्त जमाती
* फ्रान्झ फॅनन